सुंदर गावात आपले घर कुठे होते?



सुट्टीत देशी गेलेली आपल्यापैकी काही कुटुंबे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय पाहून येतात. मोकळ्या आवारात पुतळ्यांचे अख्खे गाव वसवले आहे. भात्यापाशी लोहार, चाकावर कुंभार, शेतात बैल. बारा बलुतेदार आपापल्या कामात रमलेले. कारागिरी खरोखर पाहण्यासारखी आहे. दुबईत वाढलेले मूल ते पाहून सहज विचारते, "आजोबांचं गाव असंच होतं का?"

उत्तर सोपे नाही. नुसते "हो" म्हणणे खोटे ठरेल. "हे सगळे ढोंग" म्हणणेही अन्यायाचे, कारण दोर वळणारे, चामडे कमावणारे, गावाच्या शिवेची खडान्‌खडा माहिती ठेवणारे हात आपल्याच पूर्वजांचे होते. त्यांचे कसब नाकारायचे कशाला?

पुतळा हात दाखवतो, हत्यार दाखवतो. त्या माणसाला कामाला "नाही" म्हणता येत होते का, हे पुतळा दाखवू शकत नाही. महार वतन आठवा. वेशीवर पहारा, सरकारी टपाल व खजिना पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, मयताची बातमी गावोगाव नेणे. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे. मोबदल्यात तुटपुंजी जमीन आणि खळ्यावरचे बलुते. घर गावकुसाबाहेर आणि पाणवठा वेगळा. गाव "स्वयंपूर्ण" होते ते या सक्तीच्या जोरावर.

हे संग्रहालय ज्या भागात उभे आहे, त्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार वतने रद्द केली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट सांगितले की, हे गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे. कनिष्ठ ग्रामवतने संपवणारा मुंबईचा कायदा आला तो १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. आपण जिथे राहतो त्या देरातल्या अल रास भागात अल अहमदिया शाळेची जुनी वास्तू जतन केलेली आहे. १९१२ मध्ये एका मोत्यांच्या व्यापाऱ्याने ती शाळा काढली. अब्राने खाडी ओलांडली की अल शिंदघाच्या संग्रहालयांत समुद्रावरचे जुने जीवन पाहायला मिळते. ते मोती वर आणत होता नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून बुडी मारणारा पाणबुड्या. होडीचा प्रमुख नाखोदा, म्हणजे आपल्या कोकणातला नाखवा. हंगामाआधी पाणबुड्याला उचल मिळे. हंगाम वाईट गेला की कर्ज पुढच्या वर्षावर जाई आणि कित्येकदा बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर बसे. काही पाणबुडे तर गुलामच होते. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी तो धंदा बुडवला. मोती मुंबईच्या बाजारात चमकले. ते काढणाऱ्या बहुतेकांची नावेही उरली नाहीत.

तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने चालत आले एवढ्यावरून काही स्वीकारू नका. त्यातून हित होते की दुःख, हे स्वतः तपासा. जुन्या गावासमोर उभे राहताना तीच कसोटी लावावी. काम कोणाचे आणि धान्य कोणाच्या कणगीत? पाणी कोण कुठे भरत होते? कोणाला ते गाव सोडता येत होते?

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. उद्या कोणी आजच्या देराचे संग्रहालय उभारले, तर त्यात बेडस्पेसमध्ये राहणारा मजूर आणि आपल्या घरी भांडी घासणारी बाईही असेल. तिचा पगार वेळेवर होतो का? तिला सुट्टी मागता येते का? तिला "नाही" म्हणता येते का? याचे उत्तर आपल्या हातात आहे, आणि समता आपल्या घरात कुठवर पोचली ते त्यावरूनच कळेल.

मुलांना मग काय सांगायचे? आजोबांचे हात कुशल होते आणि त्यांच्यावर लादलेली व्यवस्था अन्यायी होती, ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगावीत. पहिले वगळले तर मुलांना पूर्वजांची लाज वाटेल, दुसरे वगळले तर अन्यायाचे कौतुक होईल. वतन संपले तेव्हा विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. पुढच्या फोनवर त्यांना विचारा: तुम्ही कोणते काम करत होता, काय मिळत होते, पहिल्यांदा "नाही" कधी म्हणालात? उत्तर लिहून ठेवा. आपले संग्रहालय तिथून सुरू होईल.

नमो बुद्धाय! जयभीम!