आंब्यांची पेटी आणि इंग्रजी क्रियापद

मराठी माध्यमात शिकणारी मुलगी ‘माय सिस्टर गो टू स्कूल’ असं लिहिते, तेव्हा वहीवर लाल शाईची खूण पडते. त्या खुणेबरोबर एक समजही पक्का होतो, की हिचं व्याकरण कच्चं आहे. हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. ‘ताई जाते’, ‘दादा जातो’, ‘बाळ जातं’, ‘आम्ही जातो’ हे जिला कुणी शिकवावं लागलं नाही, तिला कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ कळत नाही असं कसं म्हणायचं? मराठी क्रियापद कर्त्याचा पुरुष बघतं, वचन बघतं, लिंगही बघतं. सकर्मक असलं तर भूतकाळात ते बहुधा कर्त्याला सोडून कर्माकडे वळतं. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’, ‘रामाने केळं खाल्लं’. राम तोच, क्रियापद मात्र फळागणिक बदलतं. आणि ‘रामाने रावणाला मारलं’ म्हणताना ते ना रामाचं ऐकत, ना रावणाचं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांची चर्चा या परंपरेत पानंच्या पानं चालत आली आहे. पाच वर्षांचं मूल ते सगळं अंगणात खेळता खेळता बिनचूक बोलत असतं.

इंग्रजीत या बाबतीत फार थोडं उरलं आहे. एके काळी तिथेही क्रियापदाला पुरुष आणि वचनाप्रमाणे वेगवेगळे प्रत्यय लागत. शतकानुशतकं ते झिजत गेले आणि साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचा ‘एस’ तेवढा मागे राहिला. तोही आला उत्तर इंग्लंडमधून. दक्षिणेत त्या जागी ‘एथ’ होता. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलात हा ‘एथ’च भेटतो, आणि त्याच सुमारास लिहिणाऱ्या शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रूपं सापडतात. ‘बी’ या क्रियापदाने मात्र ‘अॅम, इज, आर’ आणि ‘वॉज, वेअर’ ही रूपं सांभाळून ठेवली. बाकी भूतकाळात प्रश्नच येत नाही. आय वेंट, शी वेंट, दे वेंट.

इतकं थोडं असूनही ते जिभेवर का बसत नाही? माझ्या मते याचं कारण त्या ‘एस’ला करायला काही काम नाही, हे आहे. मराठीत ‘गेलीस का?’ एवढं म्हटलं तरी आपण एकाच व्यक्तीशी बोलतो आहोत, समोर बाई आहे आणि आपण तिला अगं-तुगं करतो, हे सगळं कळतं. कर्ता उच्चारावाच लागत नाही. प्रत्यय अर्थ वाहून आणतो, म्हणून तो सुटत नाही. इंग्रजीत ‘शी’ म्हटल्यावर एकटी बाई आहे हे कळून चुकलेलं असतं. पुढचा ‘एस’ त्यात कशाचीही भर घालत नाही. तो सुटला तरी ऐकणाऱ्याला अर्थ पुरता पोचतो. जे सुटून काही अडत नाही, ते मन आपोआप धरून ठेवत नाही.

खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांचंही असंच होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांच्या बोलण्याचा दीर्घ अभ्यास करून १९७३ साली ‘अ फर्स्ट लँग्वेज’ हे पुस्तक लिहिलं. इंग्रजीतले चौदा प्रत्यय आणि छोटे शब्द ही मुलं साधारण कोणत्या क्रमाने आत्मसात करतात, ते त्यात मांडलं आहे. नामाच्या अनेकवचनाचा ‘एस’ त्या क्रमात चौथा आहे आणि क्रियापदाचा ‘एस’ दहावा. ऐकायला दोन्ही सारखेच, पण एक ‘पुष्कळ’ असा अर्थ सांगतो आणि दुसरा काहीच सांगत नाही. इंग्लंडमधल्या नॉर्विच शहरात तर कामगारवर्गातली माणसं बोलताना हा ‘एस’ सर्रास गाळतात; पीटर ट्रडगिल यांनी १९७४ सालच्या त्यांच्या पुस्तकात त्याची तपशीलवार नोंद केली आहे. ती माणसं इंग्रजीच बोलतात, आपल्या प्रांताची इंग्रजी.

तेव्हा या एका अक्षरावरून कुणाची बुद्धी जोखू नये. पण म्हणून ते शिकवूच नये, असं मी म्हणणार नाही. नोकरीचा अर्ज, संशोधनाचा लेख, कचेरीतलं पत्र, स्पर्धा परीक्षेचा पेपर, सगळीकडे प्रमाण इंग्रजीची अपेक्षा असते आणि वाचणारा आपल्याला ओळखत नसतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. इतकी वर्षं इंग्रजी शिकूनही मुलांना अर्जातल्या दोन ओळी निर्धास्तपणे लिहिता येत नसतील, तर सरावाची रीतच तपासली पाहिजे.

ती रीत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ‘रिकाम्या जागा भरा’ किंवा ‘कंसातला योग्य पर्याय निवडा’. मुलं ‘ही, शी, इट आलं की एस किंवा ईएस’ असं घोकतात, प्रश्न धडाधड सोडवतात, पैकीच्या पैकी गुण मिळवतात. त्याच वहीच्या पुढच्या पानावर निबंधात मात्र ‘माय मदर कुक’ असं लिहितात. यात आळस नाही. रिकामी जागा ही स्वतःच एक सूचना असते : इथे थांब, इथे क्रियापद आहे, कर्ता शोध. स्वतःचं वाक्य लिहिताना अशी सूचना देणारं कुणी नसतं. मन अर्थ जुळवण्यात गुंतलेलं असतं आणि हात पुढे निघून जातो. त्या सरावात मुलं नियम ओळखायला शिकली, पण तो पाळण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलाच नाही.

शिवाय त्या वाक्यांत कर्ता एका शब्दाचा असतो आणि क्रियापद लगेच त्याच्या शेजारी. खरी अडचण कर्ता लांबला की सुरू होते. ‘आंब्यांची पेटी आली’ हे वाक्य घ्या. मराठीत विशेषण आधी येतं आणि मुख्य नाम शेवटी, म्हणून ‘पेटी’ थेट ‘आली’ला चिकटते. चूक व्हायला जागाच नाही. इंग्रजीत हीच पेटी ‘द बॉक्स ऑफ मँगोज’ होते. पेटी पुढे गेली आणि क्रियापदाशेजारी आंबे येऊन बसले. मुलगा ‘द बॉक्स ऑफ मँगोज आर हिअर’ लिहितो, कारण त्याच्या भाषेने त्याला क्रियापदाच्या अलीकडचं नाम बघायची सवय लावली आहे. ‘काल गावाहून आलेल्या पाहुण्यांची मुलगी आजारी आहे’, इथेही मुलगी ‘आजारी आहे’च्या जवळच. इंग्रजीत ‘द डॉटर ऑफ द गेस्ट्स हू केम फ्रॉम द व्हिलेज यस्टरडे’ एवढं सगळं ओलांडून ‘इज’पर्यंत पोचावं लागतं, आणि तोवर डॉटर एकटी होती हे लक्षात ठेवावं लागतं. मराठीतही कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द येतात, ‘मुलगा पोळ्या खातो’ यात पोळ्या मध्येच आहेत. पण त्या कर्त्याच्या बाहेर आहेत. इंग्रजीतला अडथळा कर्त्याच्या पोटात असतो.

इथे इंग्रजी मातृभाषकही अडखळतात. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधिकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अमेरिकी विद्यार्थ्यांना ‘द की टू द कॅबिनेट्स’ यासारखे अर्धवट तुकडे देऊन वाक्यं पुरी करायला सांगितली होती. किल्ली एकच, पण कपाटं अनेक. काहींच्या तोंडून ‘आर’ किंवा ‘वेअर’ निघालंच. अमेरिकी विद्यार्थी जिथे घसरतो, तिथे आपल्याकडचा विद्यार्थी अधिक घसरणार, आणि सरावाची खरी जागा तिथे आहे. आपल्या वर्गात मात्र ‘शी गोज’च्या पुढे गाडी क्वचितच जाते.

आणखी एक गोष्ट परक्या पुस्तकावरून उतरवलेल्या स्वाध्यायात कधीच येणार नाही, कारण ती फक्त मराठी घरातून दिसते. दोन भाषा वस्तू वेगवेगळ्या रीतीने मोजतात. आपल्याकडे तांदूळ संपले, पोहे झाले, पैसे मिळाले, केस पिकले. इंग्रजीत राइस, मनी आणि हेअर एकवचनी. उलट आपली कात्री हरवली, चष्मा फुटला, पँट उसवली. इंग्रजीत सिझर्स, ग्लासेस आणि ट्राउझर्स अनेकवचनी. आपण म्हणतो ‘सगळे आले’, इंग्रजीत ‘एव्हरीवन’ला ‘इज’ लागतं. ‘टेबलावर पुस्तक आणि वही आहे’ हे चांगलं मराठी आहे, दोन वस्तू असूनही ‘आहे’ चालतं. म्हणून ‘द बुक अँड द नोटबुक इज ऑन द टेबल’ असं लिहिलं जातं, आणि ते का चुकलं हे मुलाला कुणी सांगत नाही. दुसरीकडे ‘तिने वही आणि पुस्तक घेतलं’, ‘तिने पुस्तक आणि वही घेतली’, असं जवळच्या नामाप्रमाणे वळणारं क्रियापद मराठी मुलाच्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘ऑर’ आणि ‘नॉर’ने जोडलेल्या कर्त्यांसाठी इंग्रजी पुस्तकं सांगतात तो नियम नेमका हाच आहे, क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालवा. अवघड म्हणून शेवटी ढकललेला हा नियम आपल्या मुलांना सर्वांत आधी उमगेल, जर कुणी त्यांना त्यांच्याच भाषेतलं वाक्य दाखवलं तर.

आदरार्थी अनेकवचनाची गोष्ट मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. ‘माझे वडील शिक्षक आहेत’ असं म्हणणारं मूल ‘माय फादर आर अ टीचर’ लिहितं. त्याला वडील एकच आहेत हे माहीत असतं. ते वडिलांना ‘आहे’ म्हणायला धजत नाही, इतकंच. ही चूक नुसती लाल शाईने खोडून चालणार नाही. इंग्रजी हा मान क्रियापदातून देत नाही, हे त्याला समजावून सांगावं लागेल. सांगताना आणखीही एक गोष्ट सांगता येईल. इंग्रजीतलं ‘यू’ हे मुळात अनेकवचन. आपण जसं एकाच माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो, तसं तिथेही मानाने एकाला ‘यू’ म्हणू लागले आणि एकवचनी ‘दाउ’ हळूहळू मागे पडलं. एकाच माणसाशी बोलतानाही ‘यू आर’ म्हणायचं, ते त्या जुन्या आदरार्थी अनेकवचनामुळे. अठराव्या शतकात पुष्कळ इंग्रज एका माणसाला ‘यू वॉज’ म्हणत. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात त्यावर कडक टीका केली आणि प्रमाण भाषेत ‘यू वेअर’च टिकलं. हे ऐकलेल्या मुलाला ‘यू आर’ पाठ करावं लागत नाही.

समूहवाचक नामांवर मात्र फार वेळ घालवू नये, कारण तिथे इंग्रजीभाषकांतच एकमत नाही. क्रिकेटच्या समालोचनात ‘इंडिया आर’ ऐकू येतं, अमेरिकी वर्तमानपत्रांत संघ एकवचनी असतो. अमेरिकी राज्यघटनेच्या १८६५ सालच्या तेराव्या दुरुस्तीत ‘युनायटेड स्टेट्स’साठी ‘देअर’ हे अनेकवचनी सर्वनाम आहे, आज तिथे सगळे ‘इज’ म्हणतात. परीक्षेत अशा नामांवर गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या मराठी शिक्षक मित्रमैत्रिणींना विनंती आहे. बोलताना ‘एस’ सुटला तर मुलाला मध्येच अडवू नका. वाक्य पुरं होऊ द्या, नाहीतर ते बोलायचंच थांबेल. लिहिताना मात्र चालढकल नको. निबंध लिहून झाल्यावर तो फक्त याच एका कामासाठी पुन्हा वाचायला लावा. प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवायचं, ‘कोण?’ असं विचारायचं, उत्तरातलं मुख्य नाम अधोरेखित करायचं आणि मधले सगळे शब्द डोळ्यांआड करून दोघांना शेजारी वाचायचं. बॉक्स इज. डॉटर इज. यासाठी लागणारी वाक्यं मुलांच्या घरातून, बाजारातून, शेतातून घ्या आणि ती लांब असू द्या. तांदूळ, कात्री, वडील, पुस्तक आणि वही यांचे स्वाध्याय कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाहीत. ते तुम्हालाच तयार करावे लागतील, आणि मराठी येत असल्यामुळे तुम्हालाच ते करता येतील.