खबर, गुमान आणि तहकीक

खबर आणि अफवा यांच्यातला फरक आपण फार सोपा समजतो. खरी ती खबर, खोटी ती अफवा. पण हा फरक बातमी जुनी झाल्यावर कळतो. ती पहिल्यांदा कानावर येते तेव्हा तिच्या कपाळावर काहीच लिहिलेले नसते. माणसाला निर्णय घ्यायचा असतो तो मात्र त्याच घडीला. बोलावे की गप्प राहावे, विश्वास ठेवावा की शंका घ्यावी, हे अर्धवट माहितीवरच ठरवावे लागते. म्हणून अफवेचा प्रश्न आम्हाला केवळ माहितीचा वाटत नाही, तो अखलाकचा, म्हणजे नीतीचा वाटतो. आणि तो नीट तपासायचा तर वुहानपासून सुरुवात करावी लागते.

डिसेंबर २०१९च्या अखेरीस चीनमधील वुहान शहरात न्यूमोनियाचे असे रुग्ण येऊ लागले, की ज्यांच्या आजाराचे कारण डॉक्टरांना सापडेना. त्यांतल्या अनेकांचा संबंध हुआनान नावाच्या मासळी बाजाराशी होता. ३० डिसेंबरला तिथल्या मध्यवर्ती रुग्णालयातील आपत्कालीन विभागाच्या प्रमुख आय फेन यांच्या हाती एका रुग्णाचा तपासणी अहवाल आला. त्यात 'सार्स' हा शब्द होता. त्यांनी त्या शब्दाभोवती लाल रेघ ओढली आणि अहवालाचे छायाचित्र एका ओळखीच्या डॉक्टरला पाठवले. हातोहाती ही गोष्ट त्याच रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांच्यापर्यंत पोचली. ली तेव्हा ३३ वर्षांचे होते. त्यांनी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातील वर्गमित्रांना मोबाइलवर कळवले, की मासळी बाजाराशी संबंधित सात जणांना सार्स झाला आहे. थोड्या वेळाने त्यांनीच दुरुस्तीही केली, की हा कोरोना विषाणू आहे, त्याचा नेमका प्रकार अजून ठरायचा आहे.

दुसऱ्या दिवशी, ३१ डिसेंबरला, शहराच्या आरोग्य आयोगाचे निवेदन निघाले. रुग्ण २७, त्यांपैकी ७ गंभीर. माणसापासून माणसाला लागण होत असल्याचे स्पष्टपणे आढळलेले नाही. रोग टाळता येण्याजोगा आणि आटोक्यात ठेवता येण्याजोगा आहे. १ जानेवारी २०२० रोजी पोलिसांनी जाहीर केले, की अफवा पसरवणाऱ्या आठ जणांवर कारवाई झाली आहे. ३ जानेवारीला ली यांना पोलिस ठाण्यात बोलावून एका ताकीदपत्रावर सही घेतली. असले वर्तन थांबवणे तुम्हाला जमेल का, आणि आम्ही सांगितले ते समजले का, असे दोन प्रश्न त्या कागदावर होते. ली यांनी दोन्हींपुढे होकार लिहिला आणि बोटाचा ठसा उमटवला.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २० जानेवारीला ज्येष्ठ श्वसनरोगतज्ज्ञ झोंग नानशान यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले, की हा रोग माणसाकडून माणसाला होतो. २३ जानेवारीला एक कोटीहून अधिक वस्तीचे ते शहर बंद झाले. २८ जानेवारीला चीनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने प्रसिद्ध झालेल्या एका लेखात म्हटले होते, की लोकांनी ती 'अफवा' तेव्हा मानली असती, तोंडाला मास्क बांधला असता आणि त्या बाजाराकडे जाणे टाळले असते, तर बरेच झाले असते. ७ फेब्रुवारीला ली त्याच रोगाने गेले. १९ मार्चला पोलिसांनी ताकीदपत्र रद्द केले आणि त्यांच्या कुटुंबाची माफी मागितली.

आता ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहू. ली यांचे वाक्य शब्दश: चूक होते. तो आजार सार्स नव्हता, त्याचा जवळचा भाऊबंद होता. सरकारचे वाक्य शब्दश: कदाचित बरोबर होते. स्पष्ट पुरावा नाही, एवढेच त्यात म्हटले होते. तरीही ज्याने चुकीचे वाक्य मानले तो सावध झाला आणि ज्याने बरोबर वाक्य मानले तो बेसावध राहिला. 'पुरावा नाही' याचा अर्थ ऐकणाऱ्याने 'धोका नाही' असा घेतला. तो तसा घेतला जाईल हे बोलणाऱ्याला माहीत नव्हते, असे कसे म्हणावे? खरेखोटेपणा केवळ शब्दांत मोजला तर ली अफवेखोर ठरतात आणि आयोग सच्चा. आमच्या मनाला हा निवाडा पटत नाही. मग मोजमाप कशाने करायचे?

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वुहानच्या लोकांनी सरकारी निवेदनावर शंका घेतली ती हवेतून आली नव्हती. २००२च्या नोव्हेंबरपासून ग्वांगडोंग प्रांतात असाच एक अनोळखी न्यूमोनिया पसरला होता. अधिकृत काही कळेना, तेव्हा २००३च्या फेब्रुवारीत लोकांनी सिरका आणि जडीबुटी यांसाठी दुकानांवर झुंबड केली. सिरका उकळून त्याच्या वाफेने घर शुद्ध होते असा समज होता. या लोकांना आपण अडाणी म्हणून हसू शकतो. पण ११ फेब्रुवारीला सरकारने ३०५ रुग्ण आणि ५ मृत्यू मान्य केले, तेव्हा रोग येऊन तीन महिने होत आले होते. एप्रिलमध्ये आरोग्यमंत्र्यांनी बीजिंगमध्ये फक्त १२ रुग्ण असल्याचे सांगितले. जियांग यानयोंग या निवृत्त लष्करी शल्यचिकित्सकाने तेव्हा पत्र लिहून कळवले, की एकाच लष्करी रुग्णालयात ६० रुग्ण आहेत. २० एप्रिलला मंत्री आणि बीजिंगचे महापौर दोघांनाही हटवले गेले. त्याच दिवशी बीजिंगचा आकडा ३७ वरून ३३९ वर गेला. जगभरात सार्सचे सुमारे ८,१०० रुग्ण झाले, ७७४ माणसे दगावली. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. १७ वर्षांनी लोकांनी ताक फुंकले तर त्यात नवल काय?

आपल्या परंपरेत खबर पारखण्याचे एक पूर्ण शास्त्र आहे, आणि आम्हाला ते इथे फार उपयोगी वाटते. हदीसच्या विद्वानांनी प्रत्येक कथनाची सनद तपासली. कोणी कोणाकडून ऐकले, दोघांची भेट शक्य होती का, रावी सच्चा होता का, आणि सच्चा असला तरी त्याची याददाश्त पक्की होती का. सच्चेपणा आणि याददाश्त या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या, कारण प्रामाणिक माणूसही चुकतो. मग त्यांनी कथनांचे दर्जे पाडले. सहीह, हसन, जईफ आणि शेवटी मौजू, म्हणजे रचलेले. जईफ आणि मौजू यांत त्यांनी गल्लत केली नाही. कमजोर कथन म्हणजे खोटे कथन नव्हे. दुसऱ्या स्वतंत्र वाटेने तीच गोष्ट आली तर कमजोर कथनालाही बळ मिळते, हे त्यांनी मान्य केले. वुहानच्या पोलिसांकडे हा विवेक नव्हता. त्यांच्या लेखी जे सहीह नाही ते सगळे मौजू होते. एकाच शहरात आठ जण साधारण एकच गोष्ट सांगतात, म्हणजे त्यात काही असेल, असा विचार त्यांनी केला नाही.

या विद्वानांनी आणखी एक अवघड प्रश्न सोडवला. रावीचे दोष उघड बोलणे ही गीबत, म्हणजे पाठीमागची निंदा, ठरत नाही का? त्यांनी उत्तर दिले, की दीनच्या आणि लोकांच्या रक्षणासाठी ते गरजेचे आहे, म्हणून ते जायज आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाने दिलेला आकडा तपासून मागणे याच जातीचे काम आहे. त्याला बदनामी म्हणणे चूक आहे.

पण मोजमापाचा प्रश्न अजून उरलाच. सूरह हुजुरातमध्ये बातमीची छाननी करण्याचा जो हुकूम आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतो. त्याला जोडून आलेले कारण मात्र आपण घाईत विसरतो. छाननी करायची ती यासाठी, की नकळत एखाद्या जमातीला इजा पोचू नये आणि मागाहून पस्तावा होऊ नये. आमच्या समजुतीप्रमाणे मोजमाप इथेच आहे. बातमी खोटी निघाली तर कोणाचे नुकसान होईल, यावर छाननीचे वजन ठरते. ली यांची बातमी खोटी निघाली असती तर काय झाले असते? काही डॉक्टरांनी आठवडाभर विनाकारण मास्क बांधले असते, बाजारातल्या काही विक्रेत्यांचा थोडा धंदा बुडाला असता. आयोगाचा दिलासा खोटा निघाला, तर लाखोंच्या जिवाशी गाठ होती. म्हणजे तपासाचे ओझे आयोगावर अधिक होते, आणि तपासाची साधनेही त्याच्याकडेच होती. ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे त्याने तहकीक करायची. ज्याच्याकडे फक्त कान आहेत त्याच्याकडून प्रयोगशाळेचा पुरावा मागणे हा इन्साफ नव्हे.

हेच माप आपल्या देशात लावून पाहू. २०२०च्या मार्चअखेर दिल्लीतील निजामुद्दीन मरकजची बातमी आली. तिथे लागण झाली होती, ही खबर खरी होती. पण तिच्या पाठीवर बसून दुसरी एक गोष्ट गावोगाव गेली, की मुसलमान मुद्दाम रोग पसरवत आहेत. रोजच्या सरकारी आकड्यांत जमातशी संबंधित रुग्णांचा वेगळा उल्लेख होऊ लागला. जुन्या, भलत्या गावच्या चित्रफिती नव्या म्हणून फिरल्या. भाजी विकणाऱ्याला नाव विचारून हाकलले गेले. ही बातमी खोटी निघाली तर एका अख्ख्या जमातीची रोजी आणि इज्जत जाणार होती, म्हणून तिच्यासाठी सर्वांत कडक छाननी हवी होती. झाली ती सर्वांत ढिली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि संकटाच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो असे नमूद केले. तहकीक झाली, पण इजा आधीच पोचून गेली होती.

इथे थांबलो तर लेख आपल्याला सुखाचा होईल. पण माप सर्वांना सारखे लावावे लागते. त्याच वर्षी आम्ही शिक्षक मंडळी घरोघर सर्वेक्षणाला जात होतो. आपल्याच मोहल्ल्यांत दरवाजे लागत होते. घरात किती माणसे, कोणाला ताप, कोणाला खोकला, या प्रश्नांची उत्तरे मिळत नव्हती. काही महिन्यांपूर्वीच नागरिकत्वाच्या कागदपत्रांची धास्ती घराघरांत होती. तेव्हा वही घेऊन आलेल्या माणसाचा संशय येणे स्वाभाविक होते. ही शंका आम्हाला गुन्हा वाटत नाही. ज्यांनी विश्वास गमावला, त्यांनीच तो परत मिळवायचा असतो. मात्र पुढे लस आली तेव्हा तीच शंका दुसरीकडे वळली. लस घेतली की मूल होत नाही, तिच्यात हराम चरबी आहे, अशा गोष्टी सनदेशिवाय फिरल्या. पोलिओच्या थेंबांबाबतही वर्षानुवर्षे हेच चालले होते. ही बातमी खोटी निघाली तर नुकसान कोणाचे? सांगणाऱ्याचे नाही. श्वास लागलेल्या घरातल्या म्हाताऱ्या अम्मीचे आणि अब्बांचे. आपल्याविरुद्धच्या अफवेला सनद मागणाऱ्याने आपल्या बाजूच्या अफवेलाही सनद मागितली पाहिजे. नाहीतर आपली तक्रार अफवेविरुद्ध नाही, केवळ आपल्या वाट्याला आलेल्या अफवेविरुद्ध आहे.

हा विषाणू आला कोठून, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. जनावरांतून बाजारात आला की प्रयोगशाळेतून निसटला, यावर जगभर तर्क लढवले गेले. चीनच्या प्रवक्त्याने अमेरिकी सैन्याकडे बोट दाखवले, अमेरिकेच्या नेत्यांनी वुहानच्या प्रयोगशाळेकडे. जून २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने अहवाल दिला. उपलब्ध पुराव्यांचा कल जनावरांकडे आहे, परंतु चीनने मागितलेली बरीच माहिती न दिल्याने कोणतीही शक्यता पूर्णपणे बाद करता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. चीनच्या सरकारकडे कागद मागितल्याने कोणा निरपराधावर जुलूम होत नाही, म्हणून ते मागत राहिले पाहिजे. पण याच तर्कांच्या जोरावर ईशान्य भारतातून आपल्या शहरांत शिकायला, नोकरीला आलेल्या मुलामुलींना 'कोरोना' म्हणून हिणवले गेले. शंका तीच, पण पहिल्या वेळी ती उत्तर देणाऱ्याकडे गेली आणि दुसऱ्या वेळी गरिबाच्या चेहऱ्याकडे. सूरह हुजुरातमध्येच काही गुमान गुनाह असल्याचे सांगितले आहे. सर्व नव्हे, काही. ते कोणते, हे दर वेळी ओळखण्याची जबाबदारी आपल्यावर ठेवली आहे.

आपले आलिम फतव्याच्या शेवटी 'वल्लाहु आलम' लिहितात, म्हणजे अल्लाह अधिक जाणतो. ते शब्द सगळी तहकीक केल्यानंतर लिहायचे असतात, तहकीकच्या ऐवजी नव्हे. साथीच्या काळात बोलणाऱ्या प्रत्येकाकडून, मग तो मंत्री असो, डॉक्टर असो की मोहल्ल्यातला शेजारी, एवढीच अपेक्षा आहे. किती माहीत आहे ते सांगावे, किती माहीत नाही तेही सांगावे, आणि आपले बोलणे चुकले तर कोणाला भोगावे लागेल हे बोलण्याआधी पाहावे.