सोन्याच्या नाकाची अनुमती



आमचे केम कुंकवासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. येथून कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शीला जाता येते आणि तेथे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या एका भगिनीने माझ्या पत्नीमार्फत प्रश्न पाठवला. तिचे गाव सांगत नाही. आमच्याकडे अंगणातली गोष्ट बाजारात पोहोचायला वेळ लागत नाही. तिने विचारले होते, "कापडाची गादी शिवून कपड्याच्या आत ठेवली, तर अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ केल्याचा गुनाह होतो का?"

अशा प्रसंगी आपण लगेच सब्रचा उपदेश करतो. माझ्याही जिभेवर तोच आला होता. पण तिने उपदेश मागितला नव्हता, तिने हुकूम विचारला होता.

हज़रत अरफजा बिन असअद (र.) यांचे नाक इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत तुटले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवून घेतले. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिज़ी यांच्या संग्रहांत आहे. पुरुषाला सोने निषिद्ध असताना ही अनुमती मिळाली, हे ध्यानात घ्यावे. नटण्यासाठी निर्मिती बदलणे वेगळे आणि गेलेले भरून काढणे वेगळे. 2007 मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने काढून टाकलेल्या स्तनाची शस्त्रक्रियेने पुनर्रचना करणेही जायज ठरवले. मग कापडाच्या गादीचा संकोच कशाला? आणि भगिनीला ती नको असेल, तर तिच्यावर सक्तीही नाही.

हज़रत उम्मे अमारा (र.) यांना उहुदमध्ये खांद्यावर खोल जखम झाली, पुढे यमामाच्या युद्धात त्यांचा हातच गेला. त्या मदीनेत परतल्यावर खलीफा असलेले हज़रत अबू बक्र (र.) त्यांची विचारपूस करण्यास जात, असे चरित्रकार सांगतात. अवयव गमावलेल्या स्त्रीकडे त्या समाजाने दया म्हणून पाहिले नाही; तिच्या दारी राज्यप्रमुख गेला.

त्या भगिनीचा आणखी एक प्रश्न होता. तो तिने विचारला नाही, माझ्या पत्नीने ओळखला. शस्त्रक्रियेपासून ती पतीसमोर ओढणी बाजूला करीत नव्हती आणि तोही वेगळ्या खाटेवर झोपत होता. आपण त्याला किळसवाणे वाटतो, अशी तिची खात्री झाली होती.

पवित्र कुरआनने सूरह बकराच्या 187 व्या आयतीत पती-पत्नींना परस्परांचे वस्त्र म्हटले आहे. निकाहच्या खुत्ब्यानंतर हे आपण कितीदा तरी ऐकवतो. वस्त्र व्रण झाकते, त्याला ऊब देते. व्रण दिसला म्हणून अंगावरून उतरून जात नाही.

मी तिच्या पतीला इशानंतर मस्जिदीत थांबवून घेतले. बराच वेळ तो चटईच्या कडेचे धागे ओढत राहिला. मग म्हणाला, "मौलाना, हात लागला तर तिला दुखेल, याची भीती वाटते."

"हे तिला सांगितलेस?"

त्याने मान हलवली. नाही.

पुढच्या तपासणीला तो तिच्याबरोबर बार्शीला गेला. यापूर्वी तो बाहेरच्या बाकावर बसून राहत असे. या वेळी आत गेला आणि जखम कुठे दुखते, कुठे दुखत नाही, हे त्याने तिच्यासमोरच डॉक्टरांना विचारले.