घर सोडण्यापूर्वी

वाचकहो, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत असे घर क्वचितच सापडेल, जिथे आज ना उद्या हा प्रश्न उभा राहत नाही: तरुण मुलाने येथेच राहावे की बाहेर पडावे? पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा व रात्री उशिरा परतणारा तरुण मनाशी हिशेब करतो की, रोजचे तीन-चार तास गाडीतच जातात. कामाजवळ खोली घेतली तर? दुसऱ्याला पुण्यात वा बंगळुरूत नोकरी मिळते. तिसऱ्याच्या हाती आखाती देशाचा व्हिसा आलेला असतो. घरात मात्र अम्मी गप्प होतात आणि अब्बा विषय टाळतात. अशा वेळी इस्लामची शिकवण काय, असे विचारले जाते आणि 'जा' किंवा 'राहा' असे एका शब्दात उत्तर मागितले जाते.

उत्तर शोधण्यापूर्वी आपण राहतो ती शहरे कशी वसली, ते आठवावे. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींमध्ये आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. आजही तेथील पत्ता कॅम्पच्या क्रमांकाने सांगितला जातो. अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी व औद्योगिक वसाहतीने दूरदूरचे कामगार आणले. मुंबईतील खोली अपुरी पडू लागलेली कुटुंबे परवडणाऱ्या घरासाठी बदलापुरास आली. म्हणजे मुलाला 'जाऊ नकोस' म्हणणाऱ्या अनेक वडीलधाऱ्यांनी स्वतः, किंवा त्यांच्या वाडवडिलांनी, कधीतरी आपले घर सोडलेलेच असते. फरक इतकाच की, कोणाला घर सोडावे लागले, तर कोणी ते स्वेच्छेने सोडले. ज्याच्यावर सक्ती झाली त्याला फारसे विचारले जाणार नाही. ज्याला निवड करता आली, त्याला त्या निवडीचा जाब द्यावा लागेल. आपला तरुण या दुसऱ्या वर्गात मोडतो.

घराबाहेर पडणे इस्लामने दोषास्पद मानलेले नाही. जिथे धर्माचरण अशक्य केले जाते, तिथून निघण्याची शक्ती असूनही जे निघाले नाहीत त्यांना, 'अल्लाहची जमीन विशाल नव्हती काय?' या अर्थाचा प्रश्न विचारला जाईल, असे दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये आले आहे. सूरह जुमुआमध्ये नमाज आटोपल्यावर भूमीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्यास सांगितले आहे. उपजीविकेसाठी केलेला प्रवास हा त्या शोधाचाच भाग होय. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे की, मक्का सोडताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या नगरीविषयीचे आपले प्रेम उघडपणे बोलून दाखविले होते, लोकांनी घालवून दिले नसते तर तिला सोडले नसते, असा त्या उद्गारांचा आशय होता. जन्मगावाची ओढ म्हणजे ईमानाचा दुबळेपणा नव्हे.

मग निर्णय कशावर ठरवावा? पहिली कसोटी नियतीची, म्हणजे हेतूची. कर्मांचा आधार नियतीवर आहे, हे सांगणाऱ्या प्रसिद्ध हदीसमध्ये उदाहरण दिले आहे ते हिजरतचेच, याकडे आपले लक्ष गेले आहे काय? प्रवास तोच, वाट तीच, कष्टही तेच. परंतु अल्लाहसाठी निघालेला आणि केवळ दुनियेसाठी निघालेला, प्रत्येकाच्या पदरी त्याच्या हेतूप्रमाणेच फळ पडते. हलाल कमाई, शिक्षण वा कुटुंबाचा आधार यासाठी आपण जात आहात, की घरातील जबाबदारी व टोकणारी नजर टाळण्यासाठी? याचे खरे उत्तर आपल्याखेरीज कोणीही देऊ शकत नाही.

दुसरी कसोटी माता-पित्यांच्या हक्काची. एक मनुष्य आई-वडिलांना रडत सोडून हिजरतची प्रतिज्ञा घेण्यासाठी आला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला परत पाठविले आणि जसे रडविले तसेच त्यांना हसविण्यास सांगितले. उवैस करनी (रह.) आईच्या सेवेमुळे प्रेषितांच्या भेटीस येऊ शकले नाहीत, तरीही त्यांची प्रशंसाच झाली. यावरून काहीजण असा अर्थ काढतात की, आई-वडिलांनी 'नको' म्हटले की विषय संपला. फिक्हच्या विद्वानांनी मात्र येथे भेद केला आहे. माता-पिता सेवेसाठी वा खर्चासाठी त्या अपत्यावरच अवलंबून असतील, किंवा प्रवास धोक्याचा असेल, तर त्यांच्या परवानगीवाचून जाणे योग्य नाही. वाट सुरक्षित असेल, त्यांची देखभाल करणारे दुसरे कोणी असेल आणि हेतू शिक्षणाचा वा व्यापाराचा असेल, तर त्यात सवलत आहे. म्हणजे कसोटी गरजेची आहे, केवळ मर्जीची नव्हे.

तिसरी कसोटी बहुधा विसरली जाते. हिजरतच्या रात्री शत्रू घराला वेढा घालून होते. तरीही प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, लोकांच्या अमानती ज्याच्या त्याला परत करणे हे त्यांच्यावर सोपविलेले काम होते. त्या अमानती मक्कावासीयांच्याच होत्या! प्राणावर बेतलेले असतानाही देणे चुकविले गेले नाही. मग सवडीने निघणाऱ्या तरुणाने आपल्या अमानती मोजू नयेत काय? मित्राकडून घेतलेले उसने पैसे, घराच्या कर्जाचा हप्ता, धाकट्या बहिणीची फी, अब्बांना दर महिन्याला दवाखान्यात नेणे, अम्मींशी रोज रात्री होणारे चार शब्द, या सर्व अमानतीच आहेत. त्यांतील काही फेडता येतील, काही भावाकडे सोपविता येतील. जी फेडता येत नाही आणि सोपविताही येत नाही, ती असेपर्यंत थांबणे हेच पुण्य होय.

येथे माता-पित्यांनाही एक विनंती आहे. अपत्य हीदेखील अल्लाहने आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, मालमत्ता नव्हे. आपल्याला त्याची खरोखर गरज आहे, की केवळ सवय झाली आहे, हे स्वतःला विचारावे. गरज असेल तर ती स्पष्ट सांगावी. अश्रूंनी वाट अडवू नये. मुलीच्या बाबतीत प्रवास व निवासाची सुरक्षितता आणि शरीअतच्या मर्यादा अवश्य पाहाव्यात; परंतु 'लोक काय म्हणतील' हा शरीअतचा निकष नव्हे.

आणि जो जाईल त्याने अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे स्मरण ठेवावे. मदीनेत त्यांच्या अन्सारी बंधूने आपली अर्धी संपत्ती देऊ केली, तेव्हा त्यांनी बरकतीची दुआ देऊन फक्त बाजाराची वाट विचारली. नव्या जागी कोणावर भार न होता स्वतःच्या कष्टावर उभे राहणे आणि पहिल्या कमाईतून मागे राहिलेल्यांचा हक्क पोहोचविणे, हीच त्याच्या नियतीची साक्ष ठरेल.

म्हणून घाई करू नका. जाणत्यांशी मशवरा करा, इस्तिखाराची नमाज अदा करा, अमानतींची यादी करा. उंट बांधून मगच अल्लाहवर भरवसा ठेवा. त्यानंतर आपण गेलात तरी ती इबादत ठरू शकते आणि राहिलात तरी. अल्लाह आपल्या तरुणांना शुद्ध हेतू आणि माता-पित्यांना विशाल अंतःकरण देवो. आमीन.