स्वस्ताई कोणाच्या खिशातून?



काही दिवसांपूर्वी ओळखीच्या एका कुटुंबाचे इंग्लंडहून पत्र आले. पती-पत्नी दोघेही आता निवृत्त होत आहेत. त्यांनी विचारले, ''फादर, बारामतीत दोघांना महिन्याला किती पुरतील? घरभाडे, दूध, भाजी, गॅस, कामवाली, डॉक्टर, सगळे लिहून कळवा.'' मी कागद घेऊन बसलो. तिकडचा खर्च त्यांनी कळवलाच होता. त्याच्या शेजारी इकडचा लिहीत गेलो आणि मनात एक प्रश्न उभा राहिला.

पेट्रोल, मोबाईल, विमानाचे तिकीट यांत इकडे फारशी स्वस्ताई दिसेना. खरा फरक पडला तो केस कापणे, धुणीभांडी, रिक्षा, स्वयंपाक आणि आजारपणातील देखभाल यांत. म्हणजे जिथे माणसाचे हात लागतात, तिथे आपला देश स्वस्त! बँकेत एका डॉलरला 80 हून अधिक रुपये मिळतात. पण अमेरिकेत एका डॉलरला जे मिळते, ते भारतात सरासरीने 20-22 रुपयांत मिळते, असा जागतिक बँकेचा हिशेब सांगतो. याचे मोठे कारण अर्थशास्त्रज्ञ असे देतात की, वस्तू देशोदेशी विकल्या जातात, म्हणून त्यांचे भाव जवळ येतात. परंतु न्हाव्याची कात्री बारामतीतच चालते. तिचा मोबदला इथल्या मजुरीप्रमाणे ठरतो.

मग स्वस्त ठिकाणी राहायला जाणे हे पाप आहे काय? मुळीच नाही. आयुष्यभर कष्ट करून जमवलेली पुंजी म्हातारपणी पुरावी, ही इच्छा रास्तच आहे. शिवाय त्यांचीही एक अडचण आहे. ब्रिटनची सरकारी पेन्शन तिकडे दरवर्षी वाढते, परंतु भारतात राहणाऱ्याला ती वाढ मिळत नाही. आज हिशेब जुळला, तरी दहा वर्षांनी जुळेलच असे नाही. तेव्हा त्यांना दोष देण्याचा प्रश्न नाही.

प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. दर वर्षी ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडची कुटुंबे भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या परिसरात येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. पाचटाच्या कोपीत सारा संसार. त्यांनीही गाव सोडलेले असते आणि पेन्शनवाल्यानेही सोडलेले असते. एक जण आपला पैसा जिथे जास्त पुरेल तिथे जातो. दुसरा आपल्या श्रमाला दोन पैसे जास्त मिळतील तिथे जातो. परंतु पहिल्याला आपण 'साहेब' म्हणतो आणि दुसऱ्याला 'टोळीवाला'.

जर्मन तत्त्ववेत्ते इमॅन्युएल कांट यांनी 1785 साली एक भेद मांडला. ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे ठेवता येते, त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. माणूस दुसऱ्या प्रकारात मोडतो. मजुरीला भाव असेल, मजुराला नाही.

यावर कोणी म्हणेल, ''फादर, चालू रेट आहे तो. ती बाईच कबूल झाली.'' पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात याच युक्तिवादाला उत्तर दिले आहे. गरजेपोटी दिलेला होकार पुरेसा नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल एवढे वेतन हा त्याचा हक्क आहे. दुसरे कोणी म्हणेल, ''बाहेरून आलेला जास्त देऊ लागला, तर आम्हाला कामवाली परवडणार नाही.'' ही अडचण खरी आहे. निवृत्त शिक्षकाच्या घरीही दोन टोके जुळवताना ओढाताण होते. परंतु आपले बजेट तिच्या उपाशीपणावरच जुळत असेल, तर ते आपल्याला परवडत नाही, तिला परवडवले जाते. अशा वेळी काम थोडे कमी सांगावे, पण मोबदला कमी करू नये. आजारपणातील रजेचे पैसे कापू नयेत. सणाला साडी दिली, म्हणून पगारवाढ चुकवू नये.

त्या कुटुंबाला मी सगळे आकडे कळवले. कामवालीच्या रकान्यात मात्र चालू रेट न लिहिता एवढेच लिहिले: ''तिला किती मुले आहेत, घरभाडे किती आहे, हे आल्यावर तिलाच विचारा आणि मग ठरवा.''

पत्र पाठवले आणि ध्यानात आले की, आपल्या बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मी स्वतः हे कधीच विचारले नव्हते. त्याच संध्याकाळी विचारले. त्यांचा पगार या महिन्यापासून वाढवला आहे. आपणही आज घरी गेल्यावर विचारावे, ही विनंती.

आपला,
फादर