ब्लॉक

डोंबिवलीत ब्लॉक म्हणजे स्वतंत्र संडास-मोरीचं घर. चाळीतल्या खोलीला कुणी ब्लॉक म्हणत नाही. जुन्या छापखान्यात ब्लॉक म्हणजे चित्राचा जस्ती ठसा. पण ब्लॉक उभा राहतो विटेवर, आणि वीट साच्यातून हातानं पाडावी लागते.

कल्याण-भिवंडी पट्ट्यात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्टीवर येतात. बयाणा आधीच अंगावर. आठवड्याला खावटी, हिशेब पावसाच्या तोंडाला. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी संपली म्हणे. १९८२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटना तिच्याविरुद्ध उभी राहिली. बयाण्याची गाठ तरी सुटली नाही. विटेच्या पोटात अक्षरं उमटतात ती मालकाची. चिखल तुडवणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

त्याच विटांची इमारत होते आणि दाराशी आपलं आडनाव विचारलं जातं. कातकऱ्याच्या हातची भिंत चालते, कातकरी शेजारी चालत नाही. माणसानं बाटतं, तर भिंतीनं का बाटत नाही?

१९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. दोस्तहो, आपल्यातले काहीजण आज ब्लॉकात पोचलेत. मीही. वरच्या मजल्यावर जागा मिळाली, म्हणजे मुक्ती झाली? मी म्हणतो, नाही. वीट पाडणाऱ्याचा हिशेब चुकता होत नाही, तोवर आपला ब्लॉकसुद्धा त्याच मनोऱ्याचा एक मजला.