विसरायची घाई नसलेली गाणी

प्रेमभंग झालेल्या मुलीला सगळे एकच सांगतात, ‘विसर आता.’ आई सांगते, मैत्रिणी सांगतात, मावशी फोन करून सांगते. सांगण्यात माया असतेच. पण घाईही असते. तिच्या रडण्यानं भोवतीची माणसं अवघडतात आणि ते एकदाचं थांबावं, असं त्यांना मनातून वाटत असतं. जपानी ब्रेकअपची गाणी ऐकू लागले तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं ते हेच, की तिथं कुणाला घाई नाही.

‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’ हे १९७७ सालचं गाणं. गायिका इशिकावा सायुरी तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती. गाण्यातली बाई टोकियोच्या उएनो स्टेशनवरून रात्रीच्या गाडीनं निघते, बर्फात बुडालेल्या आओमोरीला उतरते आणि उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जाणाऱ्या बोटीत एकटीच चढते. तो कोण होता, का तुटलं, चूक कुणाची, यातलं काहीही आपल्याला कळत नाही. दिसतात ते मुकाट चालणारे प्रवासी आणि थंडीनं गारठलेले समुद्रपक्षी. इतकं पुरतं, कारण दुःखात माणसाला आधी जागा लागते. कारणं नंतर शोधता येतात. १९८८ साली समुद्राखालचा रेल्वेबोगदा सुरू झाला आणि त्या बोटी बंद झाल्या. त्यांतली ‘हाक्कोदा-मारू’ आजही आओमोरीच्या धक्क्यावर जतन करून ठेवली आहे, आणि तिच्याजवळ या गाण्याची शिळा आहे. जवळ गेलं की ती गाऊ लागते. एका कल्पित बाईच्या एकटीच्या प्रवासाचं एका गावानं असं स्मारक करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या गाण्याचे शब्द मात्र एका पुरुषाचे, आकू यू यांचे. त्यांनीच लिहिलेलं ‘किता नो यादो कारा’ हे गाणं मियाको हारुमीनं गायलं आणि १९७६ सालचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्याला मिळाला. त्यातली बाई उत्तरेकडच्या एका खानावळवजा विश्रामगृहात बसून सोडून गेलेल्या माणसासाठी स्वेटर विणते आहे. तो माणूस हा स्वेटर कधीच अंगात घालणार नाही, हे तिला ठाऊक आहे. गाणं अतिशय सुरेख आहे. तरीही नुकतं मन मोडलेल्या एखाद्या वीस वर्षांच्या मुलीला मी ते ऐकवणार नाही. रडायला मोकळीक देणं वेगळं आणि झिजत राहण्याला सुंदर म्हणणं वेगळं.

पुढं मुली स्वतःच लिहू लागल्या आणि फरक पडला. होक्काइदोत जन्मलेल्या नाकाजिमा मियुकीनं सत्तरच्या दशकातच आपले शब्द आणि आपली चाल घेऊन टाकून दिलेल्या बाईचा रोखठोक आवाज ऐकवला. मग १९८८ साली प्रिन्सेस प्रिन्सेस या फक्त मुलींच्या बँडचं ‘एम’ आलं. ते लिहिलं बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या तोमिता क्योकोनं, स्वतःच्या तुटलेल्या प्रेमावर. ‘एम’ हे त्या मुलाच्या नावाचं आद्याक्षर. पत्त्यांच्या वहीतलं ते पान उघडायचं, त्यावरून बोट फिरवायचं, पण नाव खोडायचं नाही. खोडवतच नाही. स्वेटर विणणारी बाई त्याच्यासाठी काहीतरी करत होती. ही मुलगी त्याच्यासाठी काही करत नाही, ती फक्त स्वतःशी खोटं बोलायला नकार देते. वहीच्या जागी आता मोबाईल आला, पण नंबर डिलीट करताना थबकणारं बोट तेच आहे.

आणि गायिका उतादा हिकारूचा ‘फर्स्ट लव्ह’. हा अल्बम मार्च १९९९ मध्ये आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. जपानमध्येच त्याच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि तिथं तो आजवरचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे. शीर्षकगीतातली मुलगी मोठी समजूतदार आहे. पुढं दुसरं कुणी आवडेलही, हे ती नाकारत नाही. पण म्हणून जे होतं ते खोटं ठरवायला ती तयार नाही. सोळाव्या वर्षी कुणी हे लिहावं आणि लाखो घरांनी ते आपलं म्हणावं! मोठ्यांना ज्या वयातलं प्रेम ‘पोरकट’ वाटतं, त्या वयाचा याहून मोठा मान मी तरी कुठं पाहिला नाही.

ही परंपरा जुनी आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या ‘कोकिनशू’ या काव्यसंग्रहाच्या वीस खंडांपैकी पाच प्रेमाचे आहेत, आणि त्यांतल्या कवितांची मांडणी प्रेम जसं चढतं आणि ओसरतं त्या क्रमानं केली आहे. म्हणजे ताटातूट हा प्रेमातला अपघात नव्हे, त्याचाच एक भाग. हजार वर्षांपूर्वी संपादकांनी त्यासाठी पानं राखून ठेवली होती.

जपानमध्ये तरुण मुली ही गाणी नुसती ऐकत नाहीत, गातातही. कॅराओकेची छोटीशी खोली तासाच्या हिशेबानं भाड्यानं मिळते, आणि तिथं एकटीनं जाऊन गाण्याची रीतही आता रूढ आहे. दार लावून घ्यायचं, माईक हातात घ्यायचा. आवाज फाटला, मध्येच हुंदका आला, तरी बिघडत नाही. संगीत चालूच राहतं आणि पुढची ओळ पडद्यावर येते. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तिला तिथं शब्द शोधावे लागत नाहीत. मन मोडलेलं असताना ‘काय झालं ते सांग’ हा प्रश्नच किती जड असतो! इथं कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. तिनं फक्त आपला आवाज द्यायचा.

तेव्हा घरातली एखादी मुलगी कानात इअरफोन घालून तेच एक गाणं पुन्हा पुन्हा ऐकत बसली असेल, भाषा कुठलीही असो, तर तिला उठवू नका. जेवण झाकून ठेवा. भूक लागली की ती येईल.